आलं, लाह्या आणि सलाईन : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, गरोदरपणातल्या मळमळीवरचे घरगुती उपाय मी लिहिले, त्याखाली तुम्ही लिहिलंत, "असलेच सल्ले ऐकत बसली आणि माझी बहीण तिसऱ्या महिन्यात सलाईनवर गेली. आल्याने काही होत नाही."

तुमचा राग रास्त आहे. घरचे उपाय कुठे थांबवायचे, हे मी लिहिलंच नव्हतं. दिवसभर पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, लघवी गडद किंवा अगदी कमी होत असेल, वजन उतरत असेल, उभं राहताच भोवळ येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. मूळ लेखात हे आता सगळ्यात वर घातलंय.

पण आल्याबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. दिवसाला साधारण १ ग्रॅम सुंठ देऊन झालेल्या चाचण्यांत मळमळ कमी झालेली दिसली आहे. उलट्यांवर मात्र तेवढा गुण दिसला नाही, म्हणजे तुमच्या बहिणीला आलं पुरणारच नव्हतं. माझा जास्त भरवसा खाण्याच्या वेळांवर आहे. रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. म्हणून उशाशी लाह्यांचा डबा ठेवायचा, उठण्याआधी मूठभर खायच्या आणि थोडा वेळ पडून राहायचं. जेवताना ढसाढसा पाणी नको, मधल्या वेळी घोटघोट प्यावं.

आणि फोडणी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी द्यावी! याला पैसा लागत नाही, तरी हेच होत नाही. "आम्हाला नाही बाई झालं असलं काही," हे ऐकत ती पोरगी नाकाला पदर लावून ओट्याशी उभी असते. हे नखरे नाहीत हो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार गर्भ आणि वारेकडून जीडीएफ१५ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं, आणि आधीपासून ते जिच्या अंगात कमी असतं तिला त्रास जास्त होतो.

गोळीची भीती मी समजू शकते. १९५७ साली जर्मनीत आलेलं थॅलिडोमाइड याच मळमळीवर दिलं जायचं. १९६१मध्ये ते मागे घेतलं, तोवर हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. पण डॉक्सिलामाइन आणि ब६ जीवनसत्त्वाची गोळी वेगळी आहे. ती वर्षानुवर्षं गरोदर बायकांना दिली जाते. डॉक्टरांनी लिहून दिली, तर ती टाळायला सांगणारी मी नव्हे.

बहीण आता कशी आहे? लोहाच्या गोळीनंतर तिला जास्त मळमळत असेल, तर गोळी मनाने बंद करू नका. रात्री घेतली तर चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारा.