फळझाडांचे लाकूड आणि सरपण : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. वादळात पडलेल्या आणि छाटणीत निघालेल्या फळझाडांच्या लाकडाचा घरगुती उपयोग करावा, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की आंब्याच्या फळीतून दोन वर्षांत भुसा गळू लागतो, अशा लेखनामुळे उभ्या झाडांवर कुऱ्हाड पडते, आणि आपले वाडवडील हे लाकूड चुलीत घालत होते ते अडाणी होते म्हणून नव्हे. पहिला आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यालाच अधिक जागा देतो.

आंब्याच्या फळीतून भुसा गळतो, यात वाद नाही. सागाचा गाभा जसा किडीला दाद देत नाही, तसे आंब्याचे नसते. त्याच्या लाकडात पिष्ट राहते आणि पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या त्यावरच पोसतात. परंतु आपल्याकडे हे लाकूड कसे हाताळले जाते तेही पाहावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले आणि पाठोपाठ पावसाळा लागला. पडलेले ओंडके सालीसकट गडग्याच्या कडेला भिजत राहिले. सालीखाली कीड शिरली, कापलेल्या तोंडांतून बुरशी आत गेली, आणि दिवाळीनंतर ते गिरणीवर नेले तेव्हा करवतीखालून निळसर-काळ्या पट्ट्यांच्या फळ्या निघाल्या. त्या फळ्यांवरून आंब्याच्या लाकडाची परीक्षा करणे मला न्याय्य वाटत नाही.

झाड पडल्यावर शक्य तितक्या लवकर साल सोलून त्याच्या फळ्या पाडाव्यात. फळ्या ओल्या असतानाच बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड साधारण तीनास दोन या प्रमाणात पाण्यात विरघळवून त्या द्रावणात बुडवून ठेवाव्यात. ओल्या लाकडात हे द्रव्य हळूहळू आतपर्यंत पसरते. नंतर दोन फळ्यांच्या मध्ये सुक्या पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी थप्पी पडवीत रचावी आणि फळ्यांच्या टोकांना तैलरंग फासावा, म्हणजे टोके फाटत नाहीत. बोरॅक्सचे हे द्रव्य पावसात धुऊन जाते, त्यामुळे अशा लाकडाचे कपाट, मांडणी, पाट खुशाल करावेत, पण अंगणातले बाकडे करू नये. बाहेरच्या कामाला काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे आणि होड्यांनाही ते लावत आले आहेत; मात्र ते हाताला लागले तर कातडी सोलून निघते, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय डब्याचे झाकण उघडू नये.

उभी झाडे तोडण्याविषयी मी एक शब्दही लिहिलेला नाही. आंबा, फणस, चिंच आणि जांभूळ ही चारही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. आपल्या मालकीच्या जागेतले झाड तोडायचे असले तरी परवानगी लागते. शिवाय धरते कलम लाकडासाठी तोडील असा बागायतदार मला तरी अजून भेटायचा आहे.

वाडवडिलांचा दाखला आपण दिलात, तो मला माझ्याच बाजूचा वाटतो. जुन्या घरांतली दारे, खांब आणि देव्हारे पाहिले तर त्यांत फणस जागोजागी सापडतो. ताज्या फणसाच्या गाभ्यावर रंधा मारला की हळदीसारखी पिवळी सालपटे निघतात, आणि हाच रंग वर्षागणिक गडद होत तपकिरी होतो. वाळवीही त्या गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही. तंजावरची वीणा फणसाचीच करतात. जांभळाचे लाकूड पाण्यात टिकते म्हणून ते विहिरीच्या तळाशी घालत, तर उखळ, मुसळ, तेलाचा घाणा आणि खाटकाचा ओंडका यांना चिंच लागे. चुलीत जाई ते वेडेवाकडे आणि उरलेसुरले. काजूच्या लाकडाविषयी मात्र माझे मत आपल्यासारखेच आहे: ते सरपणालाच बरे. पेरूच्या फांद्या हत्यारांच्या दांड्यांना उत्तम (आणि गलोलीला, हे वेगळे सांगायला नको).

शेवटी आपण विचारले आहे की पडलेल्या माडांचे काय करावे. माडाच्या खोडात वर्षवलये नसतात आणि बाहेरचा थर घट्ट असून मध्यभाग भुसभुशीत असतो, म्हणून ते इतर ओंडक्यांसारखे सरळ आरपार कापू नये. बुंध्याकडच्या भागातून परिघालगतचे तेवढे वासे काढून घ्यावेत; ते गोठ्याच्या किंवा पडवीच्या छपराला चालतात. मधला गाभा आणि शेंड्याकडचा भाग बांधकामात वापरू नये. पडलेले खोड बागेत कुजत ठेवू नये, कारण गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा अशाच खोडांत वाढतात आणि तिथून शेजारच्या उभ्या माडांवर जातात. म्हणून वासे काढून झाल्यावर जे उरेल ते, आपण म्हणता तसे, खुशाल चुलीत घालावे.