बॅटरी काढली की सनरूफ सुधारत नाही, विसरतं

"सनरूफची मोटर गेली? नवी मागवा, दोन-तीन स्क्रूंचं काम. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर 15 मिनिटं काढून ठेवा, सनरूफ आपोआप रिसेट. बटणानं बंद होतंय म्हणजे झालं. गॅरेजवाले उगाच लुटतात." हा मेसेज या पावसाळ्यात मला तीन ग्रुपवरून आला. लुटण्याबद्दल मी काय बोलणार, मी स्वतःच गॅरेजवाला. बाकीचं बघू.

आधी बॅटरी. ह्युंदाई क्रेटाचं मॅन्युअल काढा. बॅटरी काढली, उतरली किंवा फ्यूज बदलला तर सनरूफ रिसेट करा, असं त्यात आहे. म्हणजे मेसेजवाल्याचं औषध हेच तिथे दुखणं! मोटर फिरते तसे हॉल सेन्सरचे (मोटरच्या फेऱ्या टिपणाऱ्या सेन्सरचे) पल्स मोजले जातात आणि काच कुठे आहे ते त्या हिशोबावरूनच कळतं. हिशोब पुसला गेला किंवा मोटर नवी आली, की 'बंद' म्हणजे नेमकं कुठे, हे पुन्हा शिकवावं लागतं.

साध्या सनरूफच्या क्रेटात ते असं: इंजिन चालू, काच पूर्ण बंद, स्विच सोडा. मग स्विच पुढे ढकलून साधारण 10 सेकंद धरा. काच किंचित हलली की सोडा आणि 3 सेकंदांच्या आत परत पुढे धरा. काच मागे जाऊन, पुन्हा पुढे येऊन बंद होईपर्यंत बोट उचलायचं नाही. लोक इथेच फसतात. काच मागे सरकली की "झालं" म्हणून हात काढतात, आणि सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या गाडीत सेकंद वेगळे, कुठे स्कॅनरच (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो. आपलं मॅन्युअल बघा.

स्क्रू दोन-तीनच, कबूल. पण मोटरचं गिअर काचेच्या डाव्या-उजव्या बाजू ओढणाऱ्या दोन केबलींत बसतं. गेल्या महिन्यात एकानं घरीच मोटर बसवली, काचेची डावी बाजू बोटभर पुढे, रबर दुमडलेलं. चार वेळा रिसेट करून बसला होता बिचारा. मोटर पल्स मोजते, वाकडेपणा तिला दिसत नाही. आधी काच दोन्ही बाजूंनी सरळ बंद, मगच मोटर.

आणि बटणानं बंद होतंय म्हणजे सगळं शिकलंय असं नाही. मध्ये हात आला तर काच उलटी फिरते, ती सोय त्याच हिशोबावर चालते. रिसेट चालू असताना तर बऱ्याच गाड्यांत ती बंदच असते. म्हणून स्विचला हात लावण्याआधी मी मागच्या सीटवरची पोरं खाली उतरवतो.