जिराफांवरच्या त्या मेसेजला उत्तर

प्राणिसंग्रहालयातल्या जिराफांवरचा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. खाली कुंपणाआड उभ्या जिराफाचा फोटो, वर पाच विधानं. आफ्रिकेत जिराफ भरपूर आहेत. कोंडलेला एकही जिराफ आजवर जंगलात सोडलेला नाही, तेव्हा ‘संवर्धन’ हे थोतांड. पिंजऱ्यातल्या जनावरावरचं संशोधन निरुपयोगी. कोपनहेगनमध्ये खायला घालायला पैसे नव्हते म्हणून जिराफाचं पिल्लू मारून सिंहांपुढे टाकलं. आणि टीव्हीवर दिसतोच की जिराफ, मग कोंडायचा कशाला?

माझ्या भाचीने तो मला पाठवला आणि विचारलं, “मावशी, हे खरं आहे का गं?” फोनवर दोन वाक्यांत सांगता येईना. काही भाग खरा आहे, काही अर्धवट आहे, काही साफ चूक आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘भरपूर आहेत’पासून सुरुवात. १९८५च्या सुमाराला आफ्रिकेत दीड लाखाच्या वर जिराफ होते, २०१५पर्यंत ते ९८ हजारांच्या आत आले. त्यामुळे २०१६च्या डिसेंबरमध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत जिराफाची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून झाली. त्यानंतर मोजणी सुधारली, काही देशांत संख्या खरोखर वाढली, आणि आता एकूण आकडा १ लाख ४० हजारांच्या आसपास सांगितला जातो. हे ऐकून कुणी सुटकेचा श्वास सोडेल, पण ही बेरीजच फसवी आहे. २०२५मध्ये तज्ज्ञांनी जिराफाच्या चार वेगळ्या प्रजाती मान्य केल्या. त्यांपैकी दक्षिणेकडचा जिराफ ६८-६९ हजार, तर उत्तरेकडचा जेमतेम ७ हजार. नामिबियातल्या कळपांकडे बोट दाखवून दक्षिण सुदानातल्या उत्तरी जिराफाला सुरक्षित म्हणता येत नाही.

आता जंगलात सोडण्याचा मुद्दा. मेसेजचा सगळा भार याच्यावर आहे.

‘एकही नाही’ हे चूक आहे. नैरोबीच्या लांगाटा भागात १९७९पासून एक जिराफ केंद्र चालतं. पश्चिम केनियातल्या एका मोठ्या मळ्यावरचे रॉथशिल्ड या जातकुळीचे जिराफ जमीन वाटली जात असल्यामुळे बेघर होणार होते. त्यांतलं एक लहान पिल्लू, डेझी, घरी आणून वाढवण्यापासून हे काम सुरू झालं. पर्यटक तिथे आजही हातावर खाऊ ठेवून जिराफांना भरवतात, आणि तिथे जन्मून वाढलेले जिराफ केनियाच्या अभयारण्यांत सोडले गेले आहेत.

पण युरोप-अमेरिकेतल्या किंवा आपल्या म्हैसूर-कोलकात्याच्या जिराफांपुरतं बोलायचं तर मेसेजवाल्याचं म्हणणं मी मान्य करते. तिथून आफ्रिकेत जिराफ जात नाहीत आणि जायलाही नकोत. अमेरिकेतल्या पुष्कळ जिराफांमध्ये दोन वेगळ्या जातकुळ्यांचं रक्त मिसळलेलं आहे. आफ्रिकेत जिथे जिराफ नव्याने वसवले गेले, तिथे ते रानातूनच आणले. नायजर देशात नव्वदच्या दशकात पश्चिम आफ्रिकी जिराफ फक्त ४९ उरले होते, आज ते ६०० च्या वर आहेत. २०१८मध्ये कुरे भागातले आठ जिराफ ट्रकमध्ये घालून गादाबेदजीच्या राखीव क्षेत्रात नेले. तिथे कित्येक दशकं जिराफ नव्हता. याचं पहिलं श्रेय जातं ते आपल्या शेताशेजारी जिराफ चरू देणाऱ्या कुरेच्या शेतकऱ्यांना.

मग प्राणिसंग्रहालयाचा हात कुठे लागतो? जिराफ ट्रकमध्ये चढवायचा कसा, हे आधी कुणीतरी शिकावं लागतं. जिराफाला भूल देणं हे पशुवैद्यकातल्या अवघड कामांपैकी एक आहे. त्याचा रक्तदाब माणसाच्या जवळजवळ दुप्पट. खाली पडला तर मान मुरगळण्याची भीती, आणि रवंथ करणारं जनावर असल्यामुळे पोटातलं घशाशी येऊन गुदमरण्याचीही. रानात म्हणून औषधाचा जबर डोस देतात, दोर लावून खाली घेतात आणि जमिनीला टेकल्या टेकल्या उतारा टोचतात. जिराफ शुद्धीवरच असतो. डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, मानेवर माणसांचं वजन. अशा वेळी रक्त तपासायला सवड कुठली? निरोगी जिराफाचं रक्त कसं असतं, खुराची हाडं एक्स-रेमध्ये कशी दिसतात, हे रोज हाताशी असलेल्या जनावरांकडून शांतपणे समजून घेता येतं.

पैशाचंही तसंच. केनियात ‘ट्विगा वालिंझी’ म्हणजे स्वाहिलीत ‘जिराफांचे राखणदार’ नावाने स्थानिक तरुण जाळीदार नक्षीच्या जिराफांवर नजर ठेवतात. ते काम उभं करण्यात सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयाचा मोठा वाटा आहे.

संशोधन निरुपयोगी, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. जिराफ मुका असतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. व्हिएन्नाच्या संशोधक अँजेला स्टोगर आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या तीन प्राणिसंग्रहालयांत मिळून ९४७ तासांचं ध्वनिमुद्रण केलं. २०१५मध्ये त्यांनी ते मांडलं, तेव्हा कळलं की रात्री अंधारात जिराफ गुणगुणतो. खोल, लांबलेला सूर, ९२ हर्ट्झच्या आसपासचा. त्याचा अर्थ अजून उलगडायचा आहे, पण वारा आणि तरसांच्या आवाजात उघड्या माळावर तो सूर आधी पकडणार कोण? ‘जिराफ दिवसाला अर्धाच तास झोपतो’ हेही असंच सगळीकडे छापलं जातं. १९९६च्या एका अभ्यासात प्राणिसंग्रहालयातल्या आठ जिराफांच्या रात्री टिपल्या, तर झोप भरली दिवसाला सरासरी ४.६ तास. गाढ झोपेत ते मान मागे वळवून डोकं स्वतःच्याच पार्श्वभागावर टेकवतात, तेही काही मिनिटंच. सिंहांच्या मुलखात झोप आणखी कमी असेल, हे मान्य. म्हणूनच निर्धास्त जिराफाची झोप किती, हे ठाऊक असलेलं बरं.

मेसेजमध्ये छळाचा उल्लेख नाही, पण त्याबद्दल मात्र मी मेसेजवाल्याच्याच बाजूने बोलणार आहे, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दक्षिणेतल्या एका प्राणिसंग्रहालयात एक मादी लोखंडी कठडा चाटत होती. तीच जागा, तोच वळसा, पुन्हा पुन्हा. रंग उडून तिथलं लोखंड चकचकीत झालं होतं. मुलं हसत होती, “बघ, कठडा खातेय!” तो खेळ नव्हता. जिराफ रानात दिवसाचे कित्येक तास हातभर लांब जिभेने बाभळीच्या काट्यांतून पाला ओरबाडत असतो. तिला पुढ्यात आयती घमेली मिळाली, जिभेला काम उरलं नाही. २००१च्या एका अमेरिकी पाहणीत जवळजवळ ८० टक्के जिराफ आणि ओकापींमध्ये (ओकापी म्हणजे जिराफाचा आखूड मानेचा नातलग) अशी एखादी चाकोरीबद्ध सवय आढळली होती. हा आकडा लपवणाऱ्यांनी संवर्धनाचं नाव घेऊ नये.

पण त्याच पाहण्यांमुळे उपाय सापडले. उंचावर टांगलेल्या फांद्या, जाळीतून ओढून काढावी लागणारी लसूणघास, पिठूळ खुराकात कपात. एकटा जिराफ ठेवायचा नाही. आणि खुरं! चालणं कमी झालं की ती वाढतात, वाकडी होतात. गोठ्यात बांधलेल्या बैलाचं जे होतं तेच. कोलोरॅडोतल्या शायेन माउंटन प्राणिसंग्रहालयासारख्या ठिकाणी जिराफाला भूल न देता खुरं साळून घ्यायला शिकवलं जातं. अशा एका सत्राचं चित्रीकरण मी पाहिलंय. जिराफ स्वतः येऊन पाय लाकडी ठोकळ्यावर ठेवतो, खाली एक जण कानस चालवतो, वर दुसरा पानं भरवतो. मध्येच त्याने पाय काढून घेतला. कुणी ओढला नाही. अर्ध्या मिनिटाने त्याने तो स्वतःच परत ठेवला.

आता कोपनहेगनचं ते पिल्लू. त्याचं नाव मारियस. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी त्याला मारलं, लोकांसमोर विच्छेदन केलं आणि मांस सिंहांना घातलं, हे खरं. तो तान्हा नव्हता, दीड-दोन वर्षांचा होता. पैशाचं कारणही खोटं. त्याच्या जनुकांचे जिराफ युरोपच्या प्रजनन कार्यक्रमात आधीच पुरेसे होते, हे दिलेलं कारण. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर वन्यजीव उद्यानाने त्याला घ्यायची तयारी दाखवली होती, २७ हजारांवर लोकांनी सह्या केल्या होत्या. मला तो निर्णय तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. इतकी पिल्लं जन्मूच न देणं हाताबाहेरचं नव्हतं. राग धरायचा तर या कारणासाठी धरा.

राहिला टीव्ही. १९३०च्या दशकात तीन वर्षांची एक कॅनेडियन मुलगी आईबरोबर शिकागोच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात गेली. तिथे तिने जिराफ पाहिला आणि तो डोक्यातून गेलाच नाही. तिचं नाव अ‍ॅन इनिस डॅग. १९५६मध्ये, जेन गुडाल चिंपांझींच्या अभ्यासासाठी आफ्रिकेतल्या गोंबेला पोचायच्या चार वर्षं आधी, ती एकटी दक्षिण आफ्रिकेत गेली. उन्हाने तापलेल्या जुन्या फोर्ड प्रीफेक्ट गाडीत तासन्‌तास बसून कुठला जिराफ कुठल्या झाडाचा पाला किती वेळ खातो, याच्या नोंदी तिने वहीत केल्या. रानातल्या जिराफाचा पद्धतशीर अभ्यास तिथून सुरू झाला.