टेस्टिफायची ती रोमन गोष्ट खरी नाही

ठाण्यातल्या आमच्या दोन-तीन ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आलाय. त्यात म्हटलंय की रोमन पुरुष वृषणावर हात ठेवून शपथ घ्यायचे त्यावरून इंग्रजी टेस्टिफाय (साक्ष देणं) शब्द आला, म्हणून तिथे बायकांना साक्ष देता यायची नाही, आपली साक्ष मात्र फक्त डोळ्यांनी बघितलेल्याची, आणि ग्वाही फारसी आहे म्हणून टाकून द्या. मी कोर्टनाक्यावर शपथपत्रं टाईप करते, हे शब्द दिवसभर हाताखालून जातात, त्यामुळे गप्प बसवेना.

शपथेची गोष्ट आधी. रोमन लिखाणात अशा शपथेचा पुरावा नाही, ते ज्युपिटर देवाची शपथ घ्यायचे. मांडीखाली हात ठेवायचा प्रसंग आहे तो बायबलात, अब्राहामाच्या नोकराचा, त्याचा रोमन लोकांच्या लॅटिन भाषेशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये टेस्टिस म्हणजे साक्षीदार, टेस्टिफाय त्यावरूनच आलाय, आणि भाषेचे अभ्यासक त्याच्या मुळाशी 'तीन' आणि 'उभं राहणं' बघतात, म्हणजे दोघांच्या मधे उभा असलेला तिसरा. वृषणालाही तोच शब्द आहे हे खरं, पण तो अर्थ बहुधा साक्षीदारावरूनच तिकडे गेलाय.

आपल्याकडे याला किती छान शब्द आहे, तिऱ्हाईत! मागे एक रिक्षावाले काका सरतपासाच्या, म्हणजे साक्षीदाराच्या पहिल्या जबाबाच्या, शपथपत्रावर सही करायला आले होते, अपघात बघितलेला, दोन्ही पार्ट्यांपैकी कुणालाच ओळखत नव्हते, धंदा सोडून आलेले. सही करता करता पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "ताई, मी कुणाच्याच बाजूचा नाही, हे नीट लिहिलंय ना?" मी तो परिच्छेद त्यांना परत वाचून दाखवला, मग सही केली. टेस्टिस म्हणजे हाच माणूस.

बायकांचं म्हणाल तर रोमन कायदेपंडित पॉलस लिहितो की व्यभिचारात दोषी ठरलेल्या बाईला साक्षीची मनाई आहे, त्याअर्थी बाकीच्या बायकांना साक्षीचा हक्क आहे. मृत्युपत्रावर मात्र त्यांना साक्षीदार होता यायचं नाही.

आता साक्ष. शब्दात अक्षि म्हणजे डोळा आहे, पाणिनीही साक्षात बघणारा तो साक्षी असंच सांगतो, इथवर फॉरवर्ड बरोबर. पण कोर्टात तेवढ्यावर थांबत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ६० मध्येच होतं, गोष्ट ऐकण्याची असेल तर ती स्वतः ऐकणाऱ्याने सांगायची, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला त्यातही हे तसंच आहे. म्हणजे न दिसणाऱ्या माणसाने भांडणातला आवाज ओळखला तर तो साक्ष देऊ शकतो. चालत नाही ती दुसऱ्याकडून ऐकलेली माहिती, तीही काही अपवाद सोडून.

ग्वाही फारसीच आहे, गवाहवरून आलेली. पण मग साक्षीदारातला 'दार' फारसी, पंचनाम्यातला 'नामा' फारसी, जबानीही फारसी, कोर्टात बोलायचं काय? शिवाय दोन्ही शब्दांची कामं आता वेगळी झालीयत, कोर्टात साक्ष देतात आणि मंत्री सभेत पाणी येईल अशी ग्वाही देतात, म्हणजे खात्री. जुना साक्षीचा अर्थही गेलेला नाही, "माझं मन ग्वाही देत नाही" असं माझी आजी म्हणायची आणि मीही म्हणते. तुकोबांनी तर "सत्य असत्याशी मन केले ग्वाही" म्हटलंय, तिथे ग्वाही म्हणजे सरळ साक्षीदार.