क्रोनो काहून कापला? वणीकडच्या भाऊंना उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा अर्धी पटली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. फ्री फायर या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळात क्रोनो नावाचं कॅरेक्टर आहे, भोवती गोळ्या अडवणारा घुमट उभा करणारं. त्याला कंपनीने कमजोर केलं ते बरोबरच झालं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर भाऊ म्हणतात: "कंपनीची वकिली काहून करता? चांगलं कॅरेक्टर निघालं का कापाचं अन् नवं विकाचं, एवढाच धंदा हाय. दोन्ही टीमकडे क्रोनो असला त हिशेब बराबरच सुटते ना? मंग कापाले काय झालं? अन् तुम्ही आमच्या गावात दोनशे पिंगवर खेळून पाहा एकदा." (पिंग म्हणजे फोनचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. आकडा मोठा, तितकं नेट सुस्त.)

बरोबरीचं आधी घेतो. दोन्हीकडे क्रोनो असेल तर एक क्रोनो जिंकणार, एक हरणार. जिंकण्याचं प्रमाण पन्नास टक्क्यांवरच येऊन बसणार. पण क्रोनोच्या जागी दोन्हीकडे गोटा ठेवला तरी ते पन्नासच येईल! त्या आकड्यातून क्रोनोची ताकद कळतच नाही. ती कळते एकाकडे तो आहे आणि समोरच्याकडे नाही तेव्हा. आणि दुसरं पाहायचं ते हे, की त्याला सोडून दुसरं काही घ्यायची कोणाची हिंमत होते का.

आमच्याकडचंच सांगतो. क्रोनो आला डिसेंबर २०२० मध्ये, रोनाल्डोचा चेहरा घेऊन. लगेच संक्रांतीच्या सुमारास गावातल्या पोट्ट्यांनी समाजमंदिरात क्लॅश स्क्वॉडची, म्हणजे चौघांविरुद्ध चौघांच्या छोट्या लढतींची, टूर्नामेंट ठेवली. आठ टीम, चौघा-चौघांच्या. मी पंच, म्हणजे वही घेऊन बसणारा आणि शिव्या खाणारा. दिवसभर कापूस वेचून आलेली पोरं सतरंजीवर ओळीने बसलेली, एका बोर्डाला सात चार्जर, फोन तव्यासारखे तापलेले. पहिल्या दोन मॅचनंतर वहीत लिहायला काही उरलंच नाही. जो तो क्रोनो. ज्याच्याकडे नव्हता तो मित्राचा आयडी मागत फिरत होता. एक पोरगा अलोक हे दुसरं कॅरेक्टर घेऊन छान खेळायचा, टीमला सोबत पळवत, सगळ्यांचं एचपी (खेळातला जीव) भरत. त्याला त्याच्याच टीमने बाहेर बसवलं.

आता क्रोनोच्या त्या घुमटाचा हिशेब पाहा. खेळाडूचा जीव २०० एचपी. क्रोनोचा घुमट झेलायचा ६०० डॅमेज (मार), म्हणजे तीन माणसांचा पूर्ण जीव. तेही चाललं असतं. खरी गोम अशी, की सुरुवातीला आतला माणूस बाहेर गोळ्या झाडू शकत होता आणि बाहेरच्याची गोळी आत जात नव्हती. ग्लू वॉल, म्हणजे फेकली की उभी राहणारी भिंत, सगळ्यांकडेच असते, पण ती धुऱ्यावरच्या कुंपणासारखी, तुमची गोळीही अडवते आणि समोरच्याचीही. आडोसा घेतला की मारा थांबतो, बाहेर डोकावलं की जीव धोक्यात, या देवाणघेवाणीवर तर सगळा खेळ उभा आहे. क्रोनोला ती लागूच नव्हती. पुढे बदल केला तोही नेमका तिथेच: घुमटात असताना बाहेरच्यावर मारा बंद. दोनदा वापरण्यामधला वेळही वाढवला. पण ६०० चा आकडा तेव्हा तसाच ठेवला, हे तुम्ही विसरता.

मला तरी अशीच कापणी आवडते. व्हॅलोरंट या दुसऱ्या गोळीबाराच्या खेळात जेट या कॅरेक्टरचं तेच झालं. आधी बटण दाबलं की ती क्षणात गायब, न विचार करता घुसा आणि फसलात की निसटा. एप्रिल २०२२ मध्ये नियम बदलला: डॅश, म्हणजे तिची ती झपकन निसटायची उडी, आधी तयार करून ठेवायचा आणि मग, तेव्हाच्या नियमाने, १२ सेकंदांत वापरायचा. तिचा वेग गेला नाही, पण ती कधी घुसणार याचा अंदाज आधी बांधावा लागायला लागला.

"मोठ्या खेळाडूंच्या तक्रारीपायी आम्हाला शिक्षा" हेही तुम्ही लिहिलंय. हे काही वेळा खरंच घडतं. लीग ऑफ लेजेंड्स या खेळातले रायझ आणि अझीर हे लढवय्ये घ्या. साध्या खेळाडूंच्या हातात ते बहुतेक वेळा हरणारे, आणि व्यावसायिक स्पर्धांत मात्र पुन्हा पुन्हा निवडले जाणारे. वर कापलं तर खाली मरतात, खाली वाढवलं तर वर माजतात. आपल्याकडे शंकरपटात गावच्या जोड्यांचा गट वेगळा ठेवता येतो. खेळाच्या एकाच पॅचमध्ये (अपडेटमध्ये) ती सोय नाही.

पैशाचं म्हणाल तर मी तुमच्या बाजूने. विकत घेतलेली वस्तू नंतर बदलली तर घेणाऱ्याला परत करायची मुभा हवी. हार्थस्टोन या पत्त्यांच्या खेळात कार्ड कमजोर केलं की ठरावीक दिवस त्याची पूर्ण किंमत धूळ (नवी कार्डं बनवायचं त्या खेळातलं चलन) म्हणून परत मिळत आली आहे. म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं. विकून झालं की कापतात, हा संशय मात्र मी सरसकट मान्य करणार नाही. नवं कॅरेक्टर कमजोर निघालं तर कोणी हातच लावत नाही, म्हणून बनवणाऱ्यांचा हात थोडा सैल सुटतो. मग लाखो लोक खेळायला लागले की चार जणांच्या चाचणीत न दिसलेलं सगळं उघडं पडतं. विक्रीचा हिशेब त्यात नसेलच असं म्हणण्याइतका मी भोळा नाही.

राहिला पिंग. इथे भाऊ, तुम्ही मला गाठलंत. दोनशे पिंगवर समोरचा दिसेपर्यंत त्याने मारलेलं असतं. तिथे चपळाईची कॅरेक्टर काय कामाची? एकदा टाकला की जागेवर उभा राहणारा घुमट हाच आपल्यासारख्यांचा आधार होता. गोळी झाडणं बंद केलं ते ठीक, पण दोन घुमटांमधला वेळ वाढवला त्याचा मार वाईट नेटवाल्याला जास्त बसला असणार. मागचा लेख लिहिताना हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या लेखात खाली तुमचा हा मुद्दा जोडतो आहे. आज संध्याकाळी जमलं तर. आत्ता हे उत्तर पाठवायलाच स्लॅबवर चढलो आहे, खाली नेटची एकच कांडी येते.