हॉट अ‍ॅक्सल

"कशाने भाजलं?" मेडिकलवाल्याने विचारलं.

"पेनड्राइव्हने."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या तर्जनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मलमाची ट्यूब काढता काढता शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "तव्याने भाजलं तरी मलम हेच असतं साहेब. लाजायचं कशाला?"

गोष्ट कालचीच आहे, त्यामुळे राग ताजा आहे. बोटही.

मामेबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ तयार झाला होता आणि मावशी संध्याकाळच्या गाडीने नागपूरला परत जाणार होती. तिच्यासोबत तो द्यायचा होता. घरात "कॉम्प्युटरमधलं कळणारा" म्हणून माझी नेमणूक पंधरा वर्षांपूर्वीच झालेली आहे, राजीनामा अजून कोणी स्वीकारलेला नाही. मी नवा पेनड्राइव्ह घेऊन स्टुडिओत गेलो. ३८ जीबीचा ऐवज, ६४ जीबीचा पेनड्राइव्ह. पाकिटावर १३० एमबी प्रति सेकंद असं ठळक लिहिलेलं. मनातल्या मनात भागाकार केला, पाच मिनिटांचं काम निघालं. येताना आईने अर्धा किलो शेव आणायला सांगितली होती, तीही आठवणीत होती.

१३० च्या पुढे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत "पर्यंत" लिहिलं होतं, ते मात्र वाचायचं राहिलं.

खरं तर हा शब्द मी ओळखायला हवा होता. "५०% पर्यंत सूट" ही पाटी वाचून आमच्या घरातल्या बायका गेली वीस वर्षं दुकानात शिरतायत आणि ती ५०% दरवेळी एका मोरपंखी ब्लाउजपीसवरच निघते. पेनड्राइव्हचंही तेच. हा १३० म्हणजे वाचण्याचा वेग. लिहिण्याचा वेग पाकिटावर कुठेच नव्हता. अहो, कोऱ्या पेनड्राइव्हवरून मी वाचू काय?

हा पेनड्राइव्ह आकाराने चिंचोक्याएवढा. लावल्यावर बाहेर दिसतो तो नुसता एक तीळ. दुकानदाराने हेच गुण म्हणून सांगितलं होतं, "कळतसुद्धा नाही लावलाय ते." कळत नाही हे खरंच आहे. ऑफिसात असा एक मी लावून विसरलो होतो, तो कॉम्प्युटरसकट भंगारात गेला.

असो. मावशीचा टीव्ही जुना. त्याला फाइली मांडून ठेवायच्या फॅट३२ या जुन्या पद्धतीशिवाय दुसरं काही पचत नाही, म्हणून स्टुडिओतल्या पोराने कुठल्याशा सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह तसा करून दिला. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. त्यामुळे हळदीची एक साडेचार जीबीची फाइल अडली. "आत्ता स्किप करतो काका, शेवटी तुकडे करून टाकू," पोरगा म्हणाला. मला काका म्हणाला ते मी सोडून दिलं.

पहिली दीड-दोन मिनिटं काय वर्णावी! ५५, ५८, ५५ चा वेग. सीमांतपूजन भुर्रकन गेलं. मग सहा-सात जीबी झाल्यावर आकडा घसरला. २०. १२. ९. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ५. आणि सप्तपदीला ३. सात पावलं चालायला नवरानवरीला लागली नसेल तेवढी वेळ इथे एका पावलाला लागत होती.

"हा स्पीड कमी का झाला रे?"

"नॉर्मल आहे काका."

"आणि हा इतका गरम का झालाय?" म्हणत मी त्या तिळाला बोट लावलं, आणि जे झालं ते मेडिकलवाल्याला सांगून झालेलं आहे.

"नॉर्मल आहे," पोरगा मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला.

आणि इथे एका अनोळखी बाबांचा प्रवेश झाला.

बाबा खरं तर आधीपासूनच तिथे होते. पेन्शनच्या कागदांसाठी फोटो काढायला आले होते. तुळतुळीत दाढी, गालावर पावडर, गळ्याशी शेवटपर्यंत लावलेलं बटण. फोटो काढून छापायचा होता, पण कॉम्प्युटर माझ्या सप्तपदीत अडकला होता. अर्धा तास ते माझ्याकडे, जागा अडवून बसलेल्या प्रवाशाकडे बघावं तसे बघत होते. मी "आई गं" म्हणून बोट तोंडात घातलं तसे ते उठले, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटपाशी आले, उकिडवे बसले आणि उजव्या हाताची उलटी बोटं त्या पेनड्राइव्हपासून सुताच्या अंतरावर धरली. डोळे मिटले. नाक पुढे केलं. वास घेतला.

"हॉट अ‍ॅक्सल," ते म्हणाले.

"काय?"

"हॉट अ‍ॅक्सल आहे भाऊ. म्हणजे चाकाचा आस तापलाय. भुसावळला रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगनमध्ये बत्तीस वर्षं काढली मी. गाडी टेशनात शिरताना आम्ही दोन्ही बाजूंनी असे बसायचो. चाक बघायचं नाही, ऐकायचं. आणि वास घ्यायचा. जळक्या ग्रीसचा वास नाकाला आला की डबा सिक."

"सिक म्हणजे?"

"सिक म्हणजे सिक. आजारी. खडूने लिहायचं डब्यावर, आणि काटायचा गाडीतून. मग भले आत कोणाचाही माल असू दे. हा तुमचा डबा सिक मारा."

"अहो बाबा, तो पेनड्राइव्ह आहे."

"मालच वाहतोय ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"मग लोड किती?"

"३८ जीबी."

"आणि डबा एवढासा?" त्यांनी करंगळीच्या नखावर अंगठा टेकवून दाखवला. "उष्णता जाईल कुठून भो? आमच्या अ‍ॅक्सल बॉक्सला केवढं लोखंड, बाहेर वारा. तरी तापायचा. एकदा मलकापूरच्या अलीकडे मालगाडीचा..." आणि ती मालगाडी जी सुटली ती नांदुरा, शेगाव घेत अकोल्याला पोचली तेव्हा माझी कॉपी ४१ टक्क्यांवरून ४३ वर आली होती. ड्रायव्हर मद्रासी होता, गार्डला मुलगी झाली होती, डब्यात सिमेंट होतं. अ‍ॅक्सलचं पुढे काय झालं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

संतापाची गोष्ट अशी की बाबांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. आत काय चालतं हे मी रात्री बोटाला मलम लावून वाचत बसलो. फ्लॅश मेमरीत, म्हणजे पेनड्राइव्हच्या पोटात, लिहायचं म्हणजे इलेक्ट्रॉनना इन्सुलेशनच्या थरातून पलीकडे ढकलायचं. त्याला १५ ते २० व्होल्टचा धक्का लागतो. यूएसबीतून मिळतात ५. म्हणजे त्या चिंचोक्याच्या आतच एक व्होल्ट चढवणारा पंप बसवलेला असतो आणि तो लिहिणं संपेपर्यंत राबत असतो. वर मेमरीच्या एकेका खणात तीन-तीन बिट कोंबायचे. म्हणून बरेच पेनड्राइव्ह आधी खणात एकेकच बिट टाकून वेळ मारून नेतात, पाहुणे आले की पसारा आतल्या खोलीत ढकलतो तसं, आणि ती खोली भरली की खरा वेग उघडा पडतो. शिवाय मोठ्या पेनड्राइव्हला निदान अंग असतं, उष्णता पसरायला जागा असते. इथे सगळा कारभार बघणारा कंट्रोलर आणि मेमरी एकाच ठोकळ्यात, आणि उष्णतेला बाहेर यायला वाट एकच, तो लोखंडी तीळ. म्हणजे माझं बोट. फार तापलं की चिप स्वतःच वेग कमी करते. बाबांच्या भाषेत, आधी स्पीड कमी, मग गाडी उभी, मग डबा सिक.

हे सगळं पाकिटावर लिहायला काय होतं? पाकिटावर लिहिलं होतं, "वापरण्याचं तापमान ० ते ४५ अंश." ० ची आम्हाला काळजी नाही. पण मे महिन्यात जळगावात पारा ४४ ला टेकणं यात बातमीसुद्धा नसते. म्हणजे या पेनड्राइव्हला आमच्या गावात पूर्ण मिळून एक अंशाचं स्वातंत्र्य! तेवढ्यात त्याने तापायचं, लिहायचं आणि वर पाच वर्षांची वॉरंटी सांभाळायची. तीही डब्याची वॉरंटी, आतल्या लाडवांची नाही. पेनड्राइव्ह गेला तर नवा देतील, लग्न गेलं तर गेलं. जुन्या मोठ्या पेनड्राइव्हमधली मेमरीची चिप निदान सुटी काढून कोणी वाचून तरी बघायचा. या एकसंध ठोकळ्यात तेही महाकठीण.

आणि ६४ जीबीतले कॉम्प्युटरला दिसतात ६० च्याही आत. कंपनीवाले हजाराने मोजतात, कॉम्प्युटर १०२४ ने. आमच्या दूधवाल्याला हे अजून कोणी सांगितलेलं नाही, नाहीतर तोही मोजायची पद्धत वेगळी आहे म्हणेल.

नावांचा घोळ तर विचारूच नका. २००८ साली यूएसबी ३.० आलं, वेग सेकंदाला ५ गिगाबिट. २०१३ च्या सुमाराला त्याचंच नाव यूएसबी ३.१ जेन १ झालं आणि २०१७ नंतर यूएसबी ३.२ जेन १. वेग तोच, ५ गिगाबिट. आमच्याकडे लग्नात तांदळात नाव लिहून नवरीचं नाव बदलायचे, पण तेही एकदाच. दुकानात ३.२ वाचून आपण जास्तीचे पैसे मोजतो आणि घरी येते ती जुनीच ३.०, नुसता शालू नवा. बरं, हे कंपनीवाले स्वतः शोध लावणाऱ्यांचं तरी भलं करतात का? फ्लॅश मेमरी शोधणारे फुजिओ मासुओका तोशिबात होते. १९८७ मध्ये त्यांनी नँड फ्लॅश, म्हणजे पेनड्राइव्हमध्ये बसते तीच मेमरी, जगापुढे मांडली, आणि पुढे आपल्या शोधाच्या मोबदल्यासाठी त्यांना त्याच कंपनीवर दावा लावावा लागला. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. मग माझ्या बोटाचं कोण विचारतो.

तर, स्टुडिओत.

"कूलर इकडे घ्या," बाबांनी हुकूम सोडला. पोरगा पहिल्यांदा मोबाइल ठेवून उठला. माझ्या दोन प्रश्नांना जो हलला नाही, तो बाबांच्या एका वाक्याला हलला. चाकांचा तो भलामोठा कूलर गडगडत आला आणि कॅबिनेटच्या तोंडासमोर उभा राहिला. वाळ्याचा ओला वास, आणि त्याबरोबर पाण्याचे बारीक तुषार. काही कीबोर्डवर, काही माझ्या शर्टावर, काही बाबांच्या पावडरवर.

"अहो, पाणी उडतंय!"

"उडू द्या. अ‍ॅक्सलला ओलं फडकं लावायचो आम्ही."

पोराने पंप बंद केला, नुसता वारा ठेवला. आणि देवाशपथ सांगतो, पाच मिनिटांत ३ चा ७ झाला, ७ चा ११. बाबांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते डोळे मिटून कूलरचा आवाज ऐकत होते. शेवटी हात वर करून त्यांनी गार्डसारखा इशारा केला, "सोडा."

एकूण सव्वा तास. शेव राहिली.

आता काढायचा कसा? एवढ्याशा तिळाला धरायला जागा नाही. माझी नखं कापलेली आणि एक बोट सुट्टीवर. पोराने रुमाल गुंडाळून ओढून पाहिलं, रुमाल आला. बाबांनी खिशातून चावी काढून उचकटायची तयारी केली, ती मी हाताला धरून थांबवली. इतक्यात चहावाला पोऱ्या आला. त्याच्या हातात सांडशी होती. मी काही बोलायच्या आत बाबांनी ती घेतली, नेम धरला, अलगद चिमटीत पकडलं आणि मामेबहिणीचं लग्न पोर्टातून उपटून चहाच्या बशीत ठेवलं. टिंग असा आवाज झाला. पोऱ्याने बशीत डोकावून विचारलं, "हे काय तळलंय?"

बाबांचे आठ फोटो छापले गेले. सगळ्यांत ते पावडरशिवाय होते. त्याचाही दोष त्यांनी माझ्याकडे बघून दिला.

फलाटावर मी धावत पोचलो तेव्हा मावशी खिडकीशी बसली होती. मी गजांतून तिच्या तळहातावर पेनड्राइव्ह ठेवला. रिक्षातल्या झळांत तो जेमतेम निवला होता.

"अगं बाई, गरम आहे! आत्ताच केलाय वाटतं?" असं म्हणत तिने तो रुमालात बांधला, रुमाल पर्समध्ये, पर्स मांडीवर, आणि शेजारणीला सांगितलं, "भाचा आहे. कॉम्प्युटरमधला."

गाडीने हिसका घेतला.

"आणि हळदीचं आहे ना रे यात? माझा डान्स आहे त्याच्यात."

मी मान हलवली. आडवी की उभी, ते मुद्दामच नीट ठरवलं नाही.