क्रेट घेण्याआधी दिवसभर घरात कोण असणार, ते ठरवा

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये हल्ली कुत्र्याच्या पिल्लाच्या पाठोपाठ क्रेट, म्हणजे त्याला ठेवायचा लोखंडी जाळीचा पिंजराही घरात येतो. घरातल्या ज्येष्ठांना तो तुरुंग वाटतो आणि तरुण मंडळींना शी-शूवरचा हमखास उपाय. माझ्या मते क्रेट मुळात वाईट नाही. परंतु सकाळी कुलूप लावून संध्याकाळी परतणाऱ्या घराने त्याच्या भरवशावर पिल्लू आणू नये.

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लू निजण्याच्या जागेपासून थोडे दूर जाऊन शू करू लागते आणि क्रेटची सारी उपयुक्तता या उपजत सवयीवर उभी आहे. म्हणूनच त्यात पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय ताणून झोपता यावे, एवढीच जागा असावी. पुढे वाढेल म्हणून आधीच मोठा क्रेट घेतला असेल, तर मध्ये जाळी लावून तो लहान करावा. नाहीतर पिल्लू एका कोपऱ्यात अंथरूण आणि दुसऱ्या कोपऱ्यात मोरी असा संसार थाटते. विक्रेत्याकडे अरुंद पिंजऱ्यात, स्वतःच्याच घाणीत वाढलेल्या पिल्लाची ही सवय मात्र अनेकदा मोडलेली असते. त्याच्याबाबतीत अधिक धीर धरावा लागतो, आणि पिल्लू कुठून आणायचे याचा विचारही त्यासाठीच आधी करायला हवा.

खरा प्रश्न वेळेचा आहे. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवला की येतात तितके तास ते फार तर शू धरू शकते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाची कमाल तीन तास, आणि जागेपणी त्याहूनही कमी. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत आणि खेळून झाल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यावेच लागते; सुरुवातीला रात्रीही उठावे लागते. ऑफिस आणि येण्याजाण्याचे मिळून दहा तास जिथे घर रिकामे असते, तिथे ते पिल्लू अंथरुणातच शू करणार, त्यातच बसून राहणार आणि क्रेटचा तिरस्कार करायला शिकणार. प्राण्यांना हालचाल करता येणार नाही अशा अपुऱ्या पिंजऱ्यात ठेवणे आणि सतत कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे, हे दोन्ही आपल्याकडच्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हे ठरवले आहेत, हे किती पालकांना माहीत असते कोण जाणे.

त्यात लसीकरणाची अडचण आहे. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि लसींचे डोस साधारण चार महिन्यांपर्यंत चालतात, त्यामुळे इतर कुत्री वावरतात अशा आवारात पिल्लाला खाली सोडणे धोक्याचे असते. तोवर बाल्कनीत वर्तमानपत्र किंवा हिरवळीचा तुकडा ठेवावा, जागा बदलू नये आणि तिथे शू झाली की त्याच क्षणी खाऊ द्यावा, कारण खाऊ उशिरा मिळाला तर तो कशाबद्दल होता हे पिल्लाला उमगत नाही.

लादीवर झालेल्या शूत पिल्लाचे नाक घासण्याची जुनी रीत अजूनही अनेक घरांत टिकून आहे, याची मला खरोखर चीड येते. त्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर शू करणे धोक्याचे आहे; मग ते सोफ्यामागे जाऊन करते. फिनेलने आपल्यापुरता वास झाकला जातो, कुत्र्याच्या नाकाला तो येतच राहतो आणि पिल्लू पुन्हा तिथेच जाते. त्यासाठी वासाचे घटकच मोडणारे एन्झाइम असलेले क्लीनर वापरावे.

शिक्षा म्हणून क्रेटमध्ये घालू नये, दार उघडे ठेवून आत जेवण द्यावे आणि उन्हाळ्यात तो उन्हाच्या बाल्कनीत ठेवू नये, हे तर झालेच. ज्यांना पहिले काही महिने घरी कोणालाच थांबवता येणार नाही, त्यांनी पिल्लाचा हट्ट सोडून निवाराकेंद्रातला मोठा देशी कुत्रा दत्तक घ्यावा. त्याचा मूत्राशयावरचा ताबा पूर्ण आलेला असतो, लसीही बहुधा झालेल्या असतात आणि दुपारी एकदा फिरवून आणणारा कोणी मिळाला, तर त्याला क्रेटची गरजही क्वचितच पडते.